पिशवी दाबणारी माणसं

"डाक्टर, घशात हाड अडकलंय बगा. पाणी बी जाईना."

फोनवर हे वाक्य ऐकलं की मी आजही गाडीच्या किल्लीआधी हातमोजे शोधतो. 2001 साली शोधले नव्हते. निपाणीत दवाखाना घालून जेमतेम चार महिने झाले होते आणि हाड काढणं हे माझ्या लेखी त्यातल्या त्यात सोपं काम. चिमटा घेतला, मोटरसायकलला किक मारली आणि सौंदलग्याच्या अलीकडच्या एका मळ्यात पोचलो. राखणीचं तांबडं कुत्रं गोठ्याच्या खांबाला बांधलेलं. खालचा जबडा लोंबतोय, लाळेची तार जमिनीपर्यंत आलीय, डोळे तारवटलेले. घरातल्या पाच जणांनी सकाळपासून आळीपाळीनं त्याच्या तोंडात बोटं घालून हाड शोधलं होतं. मीही घातली. हाड नव्हतं. जबडा वर उचलून मिटवला की परत लोंबायचा, बिजागरी निखळलेल्या दारासारखा. घशाला बोट लागलं तरी उबळ नाही.

हात तसाच हळूच बाहेर काढला आणि म्हातारीला विचारलं, "भुंकतंय का?"

"भुंकायचं कवाच बंद झालंय. परवापास्नं नुसतं घोगरं वरडतंय."

पिसाळलेलं कुत्रं म्हणजे दिसेल त्याच्या अंगावर धावणारं, अशी आपली समजूत. पण रेबीजचा एक मुका प्रकार असतो. त्यात कुत्रं कुणाला चावायला जात नाही. जबड्याच्या आणि गिळण्याच्या स्नायूंतली ताकद जाते, तोंड उघडं राहतं, आणि घरातल्या मायेच्या माणसाला वाटतं, बिचाऱ्याच्या घशात काहीतरी अडकलंय. त्याची लाळ तुमच्या नखाशेजारच्या चिरेला लागायला तेवढी माया पुरेशी होते. मी कॉलेजात असतानाच लस घेतलेली होती, त्यामुळे माझं दोन इंजेक्शनांवर भागलं. त्या पाच जणांचं तसं नव्हतं. त्या काळी सरकारी दवाखान्यातून मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस मिळायची, पोटात टोचायची, लोक 'चौदा इंजेक्शनं' म्हणत तीच. ती देशात बंद झाली 2004 च्या अखेरीस. म्हातारी इंजेक्शनांना तयार होईना. तिला पटवण्यात माझे दोन दिवस गेले, तेवढ्यात तिसऱ्या दिवशी कुत्रं गेलं.

तेव्हापासून तोंड उघडण्याआधी माझे प्रश्न ठरलेले आहेत. लस कधी दिली? आवाज बदललाय का? लाकूड, माती, दोरी असलं काही चावलंय का? गेल्या चार-सहा महिन्यांत कुठल्या कुत्र्याबरोबर झटापट झाली होती का? गाडीतून उतरलेल्या घाबऱ्या माणसाला हे प्रश्न म्हणजे वेळकाढूपणा वाटतो. वाटू दे. खरंच हाड असेल तर ते आणखी दोन मिनिटं घशात राहू शकतं.

माझ्या पाटीवर आजही 'जनावरांचा दवाखाना' असंच आहे. सुरुवातीची आठ-दहा वर्षं दिवस जायचा तो म्हशींत आणि संकरित गाईंत: अडलेलं वासरू, न पडलेली जार, फुगलेलं पोट. "कुत्र्याला कुठं डाक्टर असतोय व्हय?" हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल. मग हळूहळू बंगल्यांत लॅब्राडॉर आले, पग आले, फ्लॅटमध्ये मांजरं आली, आणि रात्रीचे फोन बदलले. आता निम्म्याहून जास्त फोन कुत्र्या-मांजरांचे असतात, आणि त्यातले बरेचसे 'अर्जंट' असतात.

अर्जंटसाठी माझ्याकडे काय आहे ते सांगून टाकतो. स्टीलचं एक टेबल. बी टाइपचा ऑक्सिजनचा एक सिलिंडर. श्वासनलिकेत घालायच्या नळ्या, तीन नंबरपासून अकरा नंबरपर्यंत. हातानं दाबायची रबरी अँबू बॅग, जिला इथं सगळे 'पिशवी' म्हणतात. माणसांचा ग्लुकोमीटर, एक मायक्रोस्कोप, एक जुनं सक्शन मशीन. व्हेंटिलेटर नाही, रक्तातले वायू तपासायची सोय नाही. कोल्हापूर 40 किलोमीटर, बेळगाव 75. पुण्याला जायचं तर पाच तास धरून चाला, आणि ज्याला श्वास लागलाय त्याच्यासाठी पाच तास म्हणजे पुणं नसल्यातच जमा. त्यामुळे शहरातल्या मोठ्या पेट हॉस्पिटलात ज्याला क्रिटिकल केअर म्हणतात ते इथं ज्याचं कुत्रं त्याच्याच हातून करून घ्यावं लागतं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आधी मी घरच्यांना दाराबाहेर थांबवायचो.

एक चूक लिहितो, कारण ती माझीच होती. तिसऱ्या का चौथ्या वर्षी रात्री एकच्या सुमाराला फोन आला. मांजर मलूल आहे, अंग तापलंय. मी अर्धवट झोपेत. "तापाचं औषध द्या थोडं, सकाळी घेऊन या," एवढं बोललो आणि फोन ठेवला. माझ्या डोक्यात काय होतं कुणास ठाऊक; बहुतेक काहीच नव्हतं. त्यांच्या घरात तापाचं औषध म्हणजे पॅरासिटामॉल, जसं ते प्रत्येक घरात असतं. त्यांनी पाचशेच्या गोळीचे दोन तुकडे केले आणि एक दुधातून पाजला. सकाळी मांजर आलं तेव्हा तोंड सुजलेलं होतं, हिरड्या चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी. शीर टोचली तर रक्तही तसंच, चॉकलेटी. पॅरासिटामॉल पचवायला यकृताला जी क्रिया लागते ती मांजरात जवळपास नसतेच. मग औषधाचं विष होतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचंच राहत नाही. ऑक्सिजन लावला तरी उपयोग मर्यादित, कारण वाहणाराच आजारी. याच्यावर अॅसिटिलसिस्टीनचा उतारा आहे, माणसांच्या छातीतला कफ पातळ करायला देतात तेच औषध, आणि ते आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलात मिळायचं. वेळेत दिलं असतं तर. मांजर दुपारी गेलं. घरच्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं तसंच केलं हो आम्ही." त्यात तक्रार नव्हती. त्या फक्त खात्री करून घेत होत्या, की त्यांच्याकडून काही चुकलं नाही ना.

आता फोनवर मी औषधाचं नाव घेत नाही. 'काय द्यायचं नाही' ते मात्र सांगतो, सावकाश, दोनदा. मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका; मीठच अंगात चढतं. तेल पाजू नका. निम्मं फुफ्फुसात जातं. बेशुद्ध जनावराच्या तोंडात काही म्हणजे काही घालू नका, गंगाजलसुद्धा. मांजराच्या अंगावर गोचिडाचं औषध चोळलं असेल तर आधी साबणानं धुवा, मग गाडीत बसा.

आणि तंबाखूचं पाणी लावू नका. हे निपाणीत सांगावं लागतं. या गावाची पेठ तंबाखूवर उभी राहिली. वखारींच्या रस्त्यानं गेलं की अजून नाकाला झिणझिण्या येतात. 1981 मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणाऱ्यांनी इथला पुणे-बंगळूर रस्ता अडवून धरला होता. ते दिवस पाहिलेली माणसं अजून दवाखान्याच्या बाकावर बसून त्याच्या गोष्टी सांगतात. घराघरांत बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, सुपात पानं आणि जर्दा, शेजारी पोर आणि पोराशेजारी कुत्र्याचं पिल्लू. जखमेत किडे पडले की तंबाखू भरायची, गोचीड झाले की तंबाखूचं पाणी चोळायचं, ही इथली जुनी रीत. निकोटीन कातड्यातूनही आत जातं हे कुणाच्या गावी नसतं.

एक पिल्लू आठवतं, दीड-दोन किलोचं. सूप उंबऱ्यात ठेवून घरची बाई पाणी भरायला गेली, तेवढ्यात त्यानं गुळाच्या वासासारखं काहीतरी लागलं म्हणून जर्दा चघळला. आणलं तेव्हा लाळ, ओकाऱ्या, थरथर, छातीत हृदय इतकं जोरात की बरगड्यांवरून मोजता यावं. कुत्र्याला किलोमागे एक मिलिग्रॅम निकोटीन गेलं तरी लक्षणं दिसतात, नऊ-दहा मिलिग्रॅमला जीव जाऊ शकतो; आणि पिल्लाचं वजन ते किती. या विषाला नेमका उतारा नाही. नशीब एवढंच की निकोटीननं ओकारी आपोआप होते, त्यामुळे बरंचसं बाहेर येतं. बाईनं शेजारणीच्या सल्ल्यावरून त्याला पोटातल्या जळजळीचं गुलाबी औषध पाजायला बाटली उघडली होती, पण पिल्लू हातात ठरेना म्हणून राहून गेलं. बरं झालं. जठरातल्या आम्लात निकोटीन सावकाश शोषलं जातं. आम्ल मारलं की भराभर. मी सलाइन लावलं, झटक्यांचं औषध दिलं आणि बाईला म्हटलं, इथं बसा, छाती बघत राहा, थांबली की हाक मारा. ती चार तास बसली. मध्येच म्हणाली, "डाक्टर, आमी रोज यातच हात घालून बसतोय न्हवं?" मी सलाइनचे थेंब मोजत राहिलो. पिल्लू वाचलं. तिच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पावसाळ्यात मात्र बाकी सगळं मागं पडतं आणि सापांचे दिवस सुरू होतात. कुत्रं सापाशी नाकानं ओळख करून घेतं, त्यामुळे दंश बहुतेक थोबाडावर. घोणस असली तर तासाभरात तोंड डुकरासारखं होतं. निदान करायला माझ्याकडे सगळ्यात भरवशाची वस्तू आहे ती काचेची साधी परीक्षानळी. दोन मिलिलिटर रक्त काढायचं, नळीत घालायचं आणि वीस मिनिटं हलवायचं नाही. विसाव्या मिनिटाला नळी तिरपी करायची. रक्त थिजून चिकटलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणशीच्या विषानं रक्त गोठवायचा सगळा साठा संपवून टाकलेला आहे. नळी काचेचीच लागते, प्लॅस्टिकची चालत नाही, कारण रक्त गोठायची सुरुवात काचेच्या स्पर्शानं होते. आणि ती साबणानं धुतलेली नको. माझ्या मदतनिसानं एकदा हौसेनं सगळ्या नळ्या घासून चकचकीत केल्या, तेव्हा मी त्याच्यावर जो ओरडलो तो शेजारच्या पिठाच्या गिरणीत ऐकू गेला.

ही वीस मिनिटं फार लांब असतात. मालकाला वाटतं, डॉक्टर नळीकडं बघत उभाय, इंजेक्शन का देत नाही? त्या वेळात मला त्याच्याशी पैशाचं बोलावं लागतं. आपल्याकडची सापाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच, माणसांसाठी केलेली, घोड्याच्या रक्तापासून. कुत्र्यांची वेगळी नसते. कुत्रं लहान म्हणून लस कमी लागत नाही, कारण सापानं वजन बघून विष सोडलेलं नसतं. उलट लहान अंगात तेच विष जास्त पसरतं. हे सांगितलं की माणूस गप्प होतो. एकजण म्हणाला होता, "म्हशीला असतं तर इचारलं नसतं डाक्टर." मी त्याला वाईट म्हणत नाही. म्हैस घर चालवते. तरी त्यानं दोन वाइल आणल्या, मग शेजाऱ्याकडून उसने घेऊन आणखी दोन. ते कुत्रं वाचलं नाही. किडन्या गेल्या, पाचव्या दिवशी.

निपाणी कर्नाटकात, अगदी महाराष्ट्राच्या सीमेवर; म्हणून लोक विचारतात, दवाखान्यात कोणती भाषा चालते. रात्री दोनला संकेश्वरकडून फोन येतो, "नायिगे हावु कडदैत री." कुत्र्याला साप चावलाय, एवढं कळायला काही लागत नाही. मी मराठीत विचारतो, ते कन्नडमध्ये सांगतात, काम भागतं. 1967 मध्ये सीमावादावरच्या महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं सुचवलं होतं. ते कागदावरच राहिलं. माझ्या धंद्यात ही सीमा एकदाच आडवी आली, 2021 मध्ये. कोरोनामुळे महाराष्ट्रातून कर्नाटकात यायला आरटीपीसीआरचा रिपोर्ट लागायचा आणि कोगनोळीच्या नाक्यावर बॅरिकेड पडले होते. कागलकडच्या एका कुटुंबाचा बोका दोन दिवस लघवीला बसत होता, होत काही नव्हतं. त्यांना वाटलं होतं बद्धकोष्ठ. नर मांजराची मूत्रनलिका पुढं इतकी अरुंद असते की रेतीसारखा खडा किंवा नुसता चिकट स्राव अडकला की संपलं. लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय हळू पडत पडत थांबतं. फोनवर वर्णन ऐकूनच मला घाम फुटला. रिपोर्ट यायला एक दिवस, बोक्याकडं तेवढा वेळ नव्हता.

शेवटी मीच नाक्यावर गेलो. ते पलीकडं, मी अलीकडं. ड्यूटीवरच्या पोलिसाला सगळं सांगितलं. त्यानं दोन्हीकडं बघितलं आणि म्हणाला, "मनुष्यांना रिपोर्ट पाहिजे. बेक्कुला कुठं लिहिलंय?" बेक्कु म्हणजे मांजर. टोपली बॅरिकेडवरून माझ्याकडं आली. बोक्याचं मूत्राशय मोसंब्याएवढं आणि दगडासारखं कडक. डिकीत टॉवेल टाकला, पोलिसानं टॉर्च धरला, बारीक सुईनं पोटातूनच लघवी काढली, लालभडक. छातीवर बोट ठेवलं तर ठोके मिनिटाला शंभराच्या आत. बोक्याचे दीडशेच्या खाली गेले तरी चिंता करावी. कॅल्शियम सावकाश शिरेत दिलं आणि मग दवाखान्यात आणून नळी घातली. तीन दिवस बोका कर्नाटकात, घरची माणसं महाराष्ट्रात. रोज संध्याकाळी त्यांची पोरगी व्हिडिओ कॉलवर त्याला हाका मारायची आणि हा ढिम्म, पाठ करून बसायचा. चौथ्या दिवशी तशीच टोपली बॅरिकेडवरून परत गेली.

पण पिशवीची गोष्ट त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली.

पहाटे सव्वाचारला दारावर थापा. जत्राटकडच्या मळ्यातलं कुटुंब, छोटा हत्ती टेम्पो घेऊन आलेलं: बाप, आई, आजी आणि नववीतला पोरगा. पोराच्या मांडीवर काळं-पांढरं गावठी कुत्रं, अंग पीठ मळल्यासारखं सैल. बापाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मेलेला साप, निळसर काळा, अंगावर पांढऱ्या जोडपट्ट्या. मण्यार. रात्री सोप्यात, पोर झोपलं होतं त्या अंथरुणाशेजारी कुत्र्यानं तिला मारली. बारा वाजता कुत्रं ठणठणीत होतं, सगळे कौतुक करून झोपले. तीनला उठून बघतात तर ते दारुड्यासारखं चालतंय, पापण्या मिटतायत. मण्यारीच्या दंशाला सूज नाही, दुखणं नाही, खूण शोधूनही सापडत नाही. घोणस ओरडून सांगते. ही बोलत नाही. हिचं विष नसांच्या टोकांवर बसतं, आणि एकदा बसलं की लस दिली तरी झालेलं लगेच उलटत नाही. नवी टोकं तयार होईपर्यंत शरीर जिवंत ठेवायचं, एवढंच हातात असतं. म्हणजे श्वास द्यायचा. तास, कधी दिवस.

लस चालू केली तोवर छातीची हालचाल दिसेनाशी झाली. नऊ नंबरची नळी घातली. भूल लागली नाही, जबड्यात विरोधच नव्हता. पिशवी जोडली आणि दाबायला लागलो. मिनिटाला दहा वेळा. छाती उठेल इतकंच, जास्त दाबली तर फुफ्फुस फाटतं. अर्ध्या तासानं माझे हात भरून आले, आणि मला शिरेची सोय बघायची होती, डोळ्यांत मलम घालायचं होतं कारण पापण्या लवत नव्हत्या, कूस बदलायची होती. मदतनीस आठ वाजता येणार. मी पोराला म्हटलं, "इकडं ये. धर हे."

बापाआधी तो शिकला. बाप जोर करायचा, पाण्याचा हातपंप मारल्यासारखा. त्याला दोनदा बाजूला केलं. अडचण मोजण्याची होती. सहा सेकंदांनी एकदा, हे झोपेच्या वेळी, रडू आवरत असताना कुणाला नीट जमत नाही. कधी भराभर व्हायचं, कधी खंड पडायचा. तेव्हा आजी बाकावरून उठली. गळ्यातली माळ काढून हातात घेतली आणि म्हणाली, "मी मणी वढतो, तू दाब." तिचा मणी ओढायचा वेग घड्याळाला लावून बघितला. मिनिटाला दहा, फार तर अकरा. रोज पहाटे चाळीस वर्षं ओढलेली माळ ती. एकशे आठ मणी म्हणजे साधारण अकरा मिनिटं. मग असं ठरलं, की एक माळ झाली की माणूस बदलायचा.

मी पोराला सांगितलं, त्याला ऐकू येत असेल. स्नायू गेलेत, कान नाही गेलेले. ते झोपलेलं नाहीये. थोडं गुंगीचं औषध मी दिलं होतं, पण पूर्ण बेशुद्ध करायचं नव्हतं. त्यावर पोरगा त्याच्याशी बोलायला लागला. पहिल्यांदा मोठ्यानं, मग हळू, मग शाळेतलं काहीबाही. सात वाजता दुधाचे कॅन टाकून दोघे शेजारी आले. नऊला पोराचा मामा. दहाला दोन माणसं आली ती माझ्या ओळखीची नव्हती आणि बहुधा त्यांच्याही. रस्त्यावरून जाताना गर्दी बघून शिरली होती. त्यांनाही माळ लावून दिली. सिलिंडर मी दोन लिटरवर ठेवला होता. पंधराशे लिटरचा बी टाइप त्या हिशेबानं बारा तास पुरतो. दर दोन तासांनी कूस बदलली, पोट दाबून लघवी काढली, जीभ ओल्या बोळ्यानं पुसली. कुणीतरी चहा आणला. मध्ये एक म्हैस घेऊन माणूस आला, त्याला म्हटलं, थांब. तो थांबला, आणि वाट बघता बघता त्यानंही एक माळ मारली.

दुपारी तीनच्या सुमाराला आजीचा हात थांबला. "डाक्टर, ह्ये दात लावालंय." कुत्रं नळी चावत होतं. पिशवी सोडली, बघत राहिलो. छाती आपसूक वर आली, थांबली, पुन्हा आली. नळी आणखी तासभर ठेवली, मग काढली. रात्री हिशेब केला तर साठ-एकसष्ट माळा भरत होत्या, साडेसहा हजारांच्या आसपास श्वास.

हे असं दरवेळी होत नाही, हे सांगायला हवं. हृदय थांबल्यावर छाती दाबावी लागलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी घरी चालत जाणारी शहरातल्या सुसज्ज दवाखान्यांतही फार थोडी असतात, दहात एकही नाही म्हणावं इतकी. या कुत्र्याचं हृदय थांबलेलं नव्हतं, फक्त श्वास थांबला होता. तो उसना देता येतो.

बातमी मळ्यामळ्यांत पसरली, आणि पसरताना जशी व्हायची तशी झाली. महिन्याभरानं रात्री अकराला दवाखान्यासमोर ट्रॅक्स येऊन थांबली. आधी सहा दांडगी माणसं उतरली, बाह्या सरसावून. मग सातवा, कुत्रं घेऊन. थोबाड सुजलेलं, नाकातून रक्ताचा थेंब, पण श्वास अगदी व्यवस्थित. घोणस.

"पिशवी दाबाय माणसं आणलीत डाक्टर," त्यातला वडीलधारा म्हणाला. "कमी पडली तर आणि हायत, फोन केला की येत्यात." त्यानं खिशातून जपमाळ काढून दाखवली, नवी कोरी.

मी रक्त काढलं, काचेच्या नळीत घातलं आणि नळी स्टँडला लावली. याला पिशवी लागत नाही म्हणून सांगितलं. सहाही जणांची तोंडं पडली.

"मग आमी काय करायचं?"

"ही नळी हलवायची नाही. वीस मिनिटं."

माळवाल्यानं नळीकडं बघितलं, मग माळेकडं. "म्हंजे दोन माळा," तो म्हणाला आणि बाकावर सरसावून बसला.